भुभूंना कच्चं खाऊ घालणारे कोण कोण आहेत? कमी खर्चात वैविध्य कसं आणता?

रानवारा

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. भुभूंच्या दुसऱ्या धाग्यावर कच्च्या आहाराचा विषय निघाला की दोनच टोकं दिसतात, एक म्हणजे "कुत्रा लांडग्याचा वंशज आहे, कच्चंच द्या", आणि दुसरं म्हणजे "घाण आहे, रोग होतील, पाकिटातलंच द्या". मधे जे आहेत, म्हणजे ज्यांना द्यायचंय पण महिन्याचं बजेट ठरलेलं आहे आणि ज्यांच्या गावात ऑनलाइन गोठवलेले रेडीमेड पॅक येत नाहीत किंवा परवडत नाहीत, त्यांच्यासाठी इथे नीट काही लिहिलेलंच नाही.

माझ्याकडे दोन, बिट्टी ही इंडी म्हणजे देशी, साधारण २० किलोची आणि गबरू लॅब, तो ३२ ला आणून ठेवलाय मोठ्या कष्टाने. पुण्यात राहते. दोघंही कच्चं खातात, पण सगळं कच्चं नाही, ते पुढे सांगते.

आधी हिशोब सांगते कारण सगळे तेच विचारतात. मोठ्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के. बिट्टीला अडीच टक्क्यांनी अर्धा किलो, म्हणजे आठवड्याला साडेतीन किलो. त्यात हाड साधारण १० टक्के, कलेजी ५ टक्के, दुसरा एखादा स्रावी अवयव म्हणजे गुर्दा किंवा तिल्ली (प्लीहा) ५ टक्के, बाकी मांस, आणि मांसात दिल आणि पोटा (कोंबडीचा गिझर्ड) पण धरायचे, ते अवयवात मोजायचे नाहीत कारण ते स्नायूच आहेत. ही ८०-१०-१० ची पद्धत जगभर चालते. कच्च्या आहाराचं हे सगळं वारं आलं ते ऑस्ट्रेलियाचे व्हेट इयन बिलिंगहर्स्ट यांच्यामुळे, १९९३ पासून, ते मात्र भाज्या पण घालायला सांगतात.

आता बिट्टीचा एक आठवडा. बोनलेस काढून झाल्यावर चिकनवाल्याकडे जो सांगाडा उरतो तो ७०० ग्रॅम, पंजे २०० ग्रॅम, बड्याचं म्हणजे म्हशीचं मांस १ किलो, बड्याचंच दिल ३०० ग्रॅम, चिकनचे पोटे अर्धा किलो, कलेजी १७५ ग्रॅम, तिल्ली १७५ ग्रॅम, तारल्या ३०० ग्रॅम आणि तीन अंडी. आमच्या भागात सांगाडा ८० रुपये किलो, पंजे ६०, पोटा-कलेजी १४० च्या आसपास, बड्याचं २८० पर्यंत, सगळं धरून आठवड्याला ६०० रुपयांच्या आगेमागे जातात. म्हणजे महिना अडीच हजार आणि वर थोडे. साध्या किबलपेक्षा, म्हणजे पाकिटातल्या कोरड्या खाण्यापेक्षा, हे स्वस्त नाही, ते स्पष्ट लिहिते, पण चांगल्या ब्रँडच्या किबलइतकंच पडतं आणि रेडीमेड कच्च्या पॅकच्या तर जवळपासही नाही.

माझं म्हणणं एकच आहे. वैविध्य महागड्या मांसातून येत नाही, माणसं जे घेत नाहीत त्यातून येतं. नुसतं चिकन देऊन "आम्ही रॉ फीडिंग करतो" म्हणणारे खूप आहेत, आज ब्रेस्ट उद्या लेग परवा विंग, पण ते सगळं एकच झालं ना. झिंक कमी पडतं, लोह कमी, मँगनीज तर नाहीच्या बरोबर. लाल मांस, दोन-तीन प्रकारचे अवयव आणि मासे आले की चित्र बदलतं.

तुम्ही कुठून काय आणता ते लिहा. भावासकट लिहा प्लीज.

मीनल_डोंबिवली

रानवारा, खूप खूप आभार या धाग्यासाठी!! मी कधीपासून सुरू करायचं म्हणतेय पण प्रत्येक व्हिडिओत टर्की, ससा, बदक, ग्रीन ट्राइप असलंच काहीतरी सांगतात, ते डोंबिवलीत कुठून आणू मी. आमचा शेरू ११ किलोचा आहे, इंडी-स्पिट्झ मिक्स. दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे वजडी चालते का? आमच्याकडे मटणवाला स्वच्छ केलेली पांढरी वजडी देतो. आणि दुसरं, सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, फ्रीझरमधे ठेवायला त्यांची हरकत आहे, आणि मला पण त्यांना दुखवायचं नाहीये, तर कसं जमवता तुम्ही लोक?

रानवारा

मीनल, वजडी चालते, आवडीने खातात. परदेशात जी ग्रीन ट्राइप म्हणतात ती न धुतलेली असते, आपल्याकडे धुऊन, चुन्याच्या किंवा गरम पाण्यातून काढून पांढरी केलेली मिळते, त्यात ते सगळे गुण राहत नाहीत पण मांस म्हणून छान आहे. फक्त चुना वापरलाय का ते विचारून घ्या, वापरला असेल तर तीन-चार पाण्यांतून काढा. आणि वजडीत फॉस्फरस, लोह वगैरे मांसाच्या मानाने कमी असतं म्हणून तिच्यावर सगळा भार टाकू नका, आठवड्यातून एखाद-दोन वेळा.

सासूबाईंचं म्हणाल तर आमच्याकडे पण तेच होतं. गॅलरीत छोटा सेकंडहँड डीप फ्रीझर ठेवला. चिकनवाल्यालाच सांगितलं की एका वेळचं एक असं पिशव्यांत भरून दे, तो सकाळी गर्दी व्हायच्या आत गेलं की देतो करून. घरात सुरी, पाट, भांडं काहीच लागत नाही. पिशवी आदल्या रात्री डब्यात घालून खाली वितळायला ठेवायची, सकाळी गॅलरीतच भांड्यात ओतायची. सासूबाई हल्ली तारल्यांच्या दिवशी तेवढ्या नाक मुरडतात, बाकी काही नाही.

करवानी_लातूर

आमच्याकडे चार करवानी (कॅरव्हान हाउंड) आहेत, शेतावर. आमच्या आज्ज्यापासून घरात हीच कुत्री. चिकन दुकानातून विकत आणायचं बजेट चार कुत्र्यांना कुठनं आणायचं, आम्ही लेयर घेतो. अंड्याची कोंबडी म्हातारी झाली की पोल्ट्रीवाले लॉटने काढतात, तेव्हा ब्रॉयलरपेक्षा बरीच स्वस्त पडते. फक्त एक ध्यानात ठेवा, ब्रॉयलर ३५-४० दिवसांचा असतो, त्याचं हाड मऊ, लेयर दीड-दोन वर्षाची असते तिचं हाड कडक. म्हणून मोठी हाडं, म्हणजे तंगडीचं लांब हाड, आम्ही काढून टाकतो, मान, पाठ, पंख ठेवतो. करवान्याचा जबडा लांब निमुळता, लॅबसारखा नाही, तो चावून खातो, पण एकमेकांसमोर ठेवलं की घाईत गिळतात. चारी वेगवेगळी बांधून घालतो.

बाकी ज्वारीची भाकर, ताक, उकडलेली अंडी हे चालूच असतं. नुसतं मांसच द्या असं आमच्याकडे कोणी करत नाही आणि कुत्री १२-१३ वर्ष जगतात, पळतात.

आयटी_आणि_इंडी

@करवानी_लातूर भाकरीबद्दल मनापासून अनुमोदन. ते "कुत्रा म्हणजे लांडगा" प्रकरण जरा आवरायला पाहिजे लोकांनी. २०१३ मधे स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलंय की कुत्र्यात स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणजे माणसाच्या चुलीजवळ राहून राहून त्यांचं पोट बदललेलं आहे. म्हणजे बजेट ताणलं गेलं की भात, नाचणी, लाल भोपळा, रताळं यांनी चौथा हिस्सा भरला तर काही बिघडत नाही, उलट पॉटी चांगली होते. नीट शिजवलेलं पाहिजे मात्र, कच्चं पीठ किंवा अर्धवट भात नको.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका हे मात्र कधीच नाही. मटणाच्या रश्श्यातलं काढून देणारे लोक आहेत म्हणून लिहितोय, रश्श्यात कांदा विरघळलेला असला तरी तो कांदाच. आणि त्यातलं शिजलेलं हाड तर अजिबात नाही, शिजलं की हाड ठिसूळ होऊन धारदार तुकडे पडतात. कच्चं हाड वेगळं आणि शिजलेलं वेगळं हे पाहुण्यांना समजावता समजावता माझा घसा बसतो.

व्हेट_नागपूर

नमस्कार. मी पशुवैद्य आहे, नागपुरात प्रॅक्टिस करतो. धागा वाचून बरं वाटलं कारण इथे लोक मोजून-मापून बोलत आहेत, आणि म्हणूनच मला थोडं सविस्तर लिहावंसं वाटतंय. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशन आणि जागतिक संघटना डब्ल्यूएसएव्हीए, दोघांचाही कल कच्चं मांस न देण्याकडे आहे, आणि कारण मुख्यतः जंतू. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय. कुत्रा स्वतः पुष्कळदा ठणठणीत असतो, पण त्याच्या शीतून, लाळेतून ते घरात येतात. घरात दोन वर्षांचं मूल, गरोदर बाई, केमो चालू असलेलं किंवा ट्रान्सप्लांट झालेलं माणूस असेल तर मी सरळ सांगतो, कच्चं नको, शिजवून द्या.

ही गोष्ट सगळेच व्हेट सांगतात. पण आपल्याकडे याहून मोठी एक भानगड आहे जी परदेशी व्हिडिओंत येत नाही, ती म्हणजे हायडॅटिड. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या कलेजीत आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी असू शकतात, त्या एकायनोकॉकस नावाच्या छोट्या पट्टकृमीच्या असतात. कुत्र्याने ती गाठ कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात ते कृमी वाढतात, कुत्र्याला काहीही होत नाही, लक्षण दिसत नाही, शीत डोळ्यांना दिसेल असं काही नसतं. पण सहा-सात आठवड्यांनी त्याच्या शीतून अंडी पडायला लागतात, ती अंगावरच्या केसांना चिकटतात, आपण कुरवाळतो, हात तोंडात जातो, आणि माणसाच्या लिव्हरमधे किंवा फुप्फुसात गाठ वाढायला लागते, वर्षानुवर्षं, कळतच नाही. मग ऑपरेशन. कत्तलखान्याच्या आसपास भटकी कुत्री टाकलेले अवयव खातात तिथे हे चक्र सतत फिरत असतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती. फुप्फुस, ज्याला आपल्याकडे फोपसं म्हणतात, ते कच्चं कधीही देऊ नका. बोकडाची, बड्याची कलेजी द्या, पण शिजवून, हलकी नाही, आतपर्यंत. चिकनच्या कलेजीत हा प्रश्न नाही. कच्चं द्यायचंच असेल तर उणे १८ ते उणे २० ला निदान दहा दिवस गोठवलेलं, आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर तेवढी भिस्त ठेवू नका, दिवसातून दहादा दार उघडतं, लाईट जाते. आणि जनावरांचे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध, आपल्या व्हेटला विचारून, वजनाप्रमाणे. तीन महिन्यांनी एकदा हा नेहमीचा हिशोब इथे पुरत नाही कारण मधल्या काळात अंडी पडून जातात.

गोठवल्याने कृमी मरतात, जंतू मरत नाहीत, विषाणू तर मुळीच नाही. हे लोक नेहमी गल्लत करतात.

मीनल_डोंबिवली

बापरे. डॉक्टर, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मुलगी तीन वर्षांची आहे आणि शेरू तिच्या गादीवर झोपतो.

व्हेट_नागपूर

मीनल, घाबरू नका. तुमच्या घरी कच्चं नकोच. पण वैविध्याचा जो मूळ मुद्दा आहे तो शिजवून सुद्धा तसाच लागू होतो. पोटा, दिल, कलेजी, तारली, अंडं, थोडा भात, भोपळा, सगळं कुकरला. फक्त शिजवताना हाड काढा, मग कॅल्शियमची सोय वेगळी करावी लागते. अंड्याची कवचं धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून मिक्सरला अगदी पिठासारखी करायची, अर्धा किलो बोनलेस मांसाला अर्धा चमचा. हे विसरलात तर मांसातला फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी होऊन हाडं हळूहळू कमजोर होतात. कॅल्शियम फॉस्फरसच्या एकपट ते दुप्पट असावं लागतं.

आणि मोठ्या जातीचं पिल्लू, ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब, एक वर्षाच्या आतलं, त्याच्यावर हे घरगुती प्रयोग नकोत. त्यांना कॅल्शियम कमी झालं तरी वाईट आणि जास्त झालं तरी वाईट, सांधे वाकतात. वाढ पूर्ण होईपर्यंत चांगलं पपी फूड द्या.

बंदरावरचा

आमच्या रत्नागिरीकडचा अनुभव लिहितो कारण माशांबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही. पुण्या-मुंबईची माणसं भुभूला सामन ऑइलच्या कॅप्सूल देतात, हजार हजार रुपयांच्या, आणि इकडे तारली बंदरावर ढिगाने पडलेली असते. सीझनमधे ऑक्टोबरपासून पुढे एवढी स्वस्त होते की पाटीचा भाव होतो, किलोचा नाही. ओमेगा ३ हवं असेल तर तारली आणि बांगडा, बास्स. पापलेट-सुरमईला हात लावू नका, कुत्र्याला त्याचं काही विशेष नाही, खिशाला आहे.

पण कच्ची देऊ नका असं मी सांगतो. काही माशांत थायमिनेज म्हणून एक असतं जे बी१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, सतत कच्चे मासे खाल्ले तर ते जाणवतं, आणि उकडलं की ते राहत नाही. तारली कुकरला कमी पाण्यात चार-पाच शिट्ट्या, काटा इतका मऊ होतो की बोटाने चुरा होतो, डोकं-शेपटीसकट सगळं. मीठ नाही, हळद घातली तर चालते. पाणी फेकू नका, तेच भातावर घाला.

दुसरी गोष्ट, शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले मसल शिंपले. कालवं आणि शिनाणे. रानवारा ताईंनी मँगनीज लिहिलंय ना, ते शिनाण्यांत भरपूर असतं, आणि झिंक कालवांत. खडकावरची काढून आणणाऱ्या बायका सकाळी बसतात त्यांच्याकडून घ्या, उकडून, शिंपला काढून, २० किलोच्या कुत्र्याला आठवड्याला चार-पाच नग पुरे. शहरात नसेल मिळत तर तिसऱ्या तरी मिळतातच. पावसात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा भाव चढतात, म्हणून मे महिन्यातच तारली उकडून फ्रीझरला टाकून ठेवायची.

सुकट, जवळा, सुके बोंबील मात्र नको. खारट असतं आणि त्यात वाळूपण. आमच्याकडे लोक हौसेने टाकतात, ते बंद करा.

आयटी_आणि_इंडी

शिनाण्यांचं मला माहीतच नव्हतं! मी दोन वर्षं परदेशी मसल पावडर मागवत होतो. उद्याच मार्केटला जातो.

@व्हेट_नागपूर, एक विचारायचं होतं. ते बर्ड फ्लूचं काय? आमच्या ग्रुपवर कोणीतरी गोरेवाड्याची बातमी टाकून सगळ्यांना घाबरवलं.

व्हेट_नागपूर

ती बातमी खरी आहे, आमच्याच गावची. डिसेंबर २०२४ मधे गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, आणि पुढे एच५एन१ निश्चित झाला. खाण्यातल्या चिकनमधून आला असावा अशी शंका व्यक्त झाली होती. मांजरवर्गीय प्राण्यांना हा विषाणू फार लवकर पकडतो, कुत्र्यांना त्या मानाने क्वचित, पण होतो, थायलंडमधे २००४ साली बाधित बदक खाऊन एक कुत्रा गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे २००६ ला नवापूरला पहिल्यांदा आला तेव्हापासून अधूनमधून येतोच. तर नियम साधा ठेवा. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात बर्ड फ्लू जाहीर झाला की त्या काळात चिकन आणि अंडी पूर्ण शिजवूनच, ७० अंशांच्या वर विषाणू टिकत नाही. घरात मांजर पण असेल तर तिला कच्चं चिकन मी कधीच द्यायला सांगणार नाही.

आणि एक राहिलंच, कच्च्या चिकनबद्दल मेलबर्न युनिव्हर्सिटीचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात कच्चं चिकन, खास करून माना, आणि कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडण्याचा एक आजार यांचा संबंध दिसला होता, मुळाशी कॅम्पिलोबॅक्टर असावा असं त्यांचं म्हणणं. आजार दुर्मिळ आहे. पण कच्चं चिकन खाणारा कुत्रा अचानक मागच्या पायात अडखळायला लागला, भुंकण्याचा आवाज बदलला, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि काय खातो ते डॉक्टरला खरं सांगा.

रानवारा

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते फार फार मोलाचं आहे, मूळ धाग्यात वर चिकटवायला पाहिजे. मी कलेजी आलटून पालटून देते, एक आठवडा चिकनची कच्ची आणि एक आठवडा बोकडाची किंवा बड्याची, ती आधीपासूनच शिजवून, कारण तांबं म्हणजे कॉपर जनावराच्या कलेजीत खूप असतं आणि चिकनच्यात त्या मानाने अगदीच थोडं. फक्त चिकनची देणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. आणि कलेजी स्वस्त आहे, आवडते म्हणून वाढवू नका, ५ टक्के म्हणजे ५ टक्के, ए जीवनसत्त्व साठत जातं.

बड्याबद्दल दोघा-तिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून इथेच लिहिते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी आधीपासूनच होती, २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीवर आहे, म्हैस-रेडा त्यात येत नाही, म्हणून बड्याचं म्हणून जे परवान्याच्या दुकानात मिळतं ते म्हशीचंच. परवाना असलेलंच दुकान बघा. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी बोकडाचं दिल, मुंडीचं मांस, खिमा करताना उरलेल्या छाट, हे विचारा, मटणाच्या भावापेक्षा बरंच कमी पडतं. माझा मटणवाला सकाळी आठच्या आत गेलं तर तिल्ली आणि गुर्दे बाजूला काढून ठेवतो, दहानंतर काही उरत नाही कारण ते मग हॉटेलवाले उचलतात.

भावाचं म्हणाल तर श्रावण. गटारीच्या आठवड्यात चिकन चढतं आणि श्रावण लागला की खाली येतं, तेव्हा फ्रीझर गच्च भरून घ्यायचा. तसंच नवरात्रात.

डुकराचं कच्चं मांस मात्र मी कधीच दिलेलं नाही. कोणी देत असाल तर बंद करा असंच सांगेन, त्यातले कृमी वेगळे आणि धोक्याचे.

जुनी_सायकल

मी ६७ वर्षांचा, एकटा राहतो, नाशकात. माझी कुत्री चमेली दहा वर्षांची आहे, तिची किडनी थोडी कमजोर निघाली गेल्या तपासणीत. हे सगळं वाचून वाटतंय की तिला पण असं काही चांगलं द्यावं, इतकी वर्षं दूधभात आणि चिकनचा रस्सा एवढंच खात आली. पेन्शनमधून महिना दीड हजार सहज काढू शकतो.

व्हेट_नागपूर

काका, चमेलीला कच्चं किंवा हाडवालं नको. किडनी कमजोर असली की फॉस्फरस कमी ठेवावा लागतो, आणि हाडात, कलेजीत तोच भरपूर. तिच्यासाठी तुमच्या डॉक्टरांकडून रक्त आणि लघवीचे रिपोर्ट बघून आहार लिहून घ्या. तोवर भात, अंड्याचा पांढरा भाग उकडून, थोडं बिनहाडाचं चिकन उकडून, भोपळा. रस्सा बंद, त्यात मीठ आणि कांदा असतो. पाणी भरपूर, घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्यांचंही असंच, त्यांना बड्याचं चरबीचं मांस अजिबात नको.

रानवारा

काका, रिपोर्ट आले की इथे लिहा, आम्ही सगळे आहोत. माझ्या ओळखीच्या एक ताई नाशकात आहेत, त्यांच्या भुभूची पण किडनीचीच पथ्यं चालतात, त्या आठवड्याचं एकदम करून फ्रीझ करतात, तुम्हाला जमणार असेल तर व्यनि करा, मी बोलणं करून देते.

करवानी_लातूर

शीवरनं ओळखायचं आम्ही काय करतो ते सांगतो, नवीन लोकांना उपयोगी पडेल. शी पांढरी, खडूसारखी, कुंथून होतेय म्हणजे हाड जास्त झालं, दोन दिवस बिनहाडाचं घाला. काळी आणि पातळ म्हणजे कलेजी-गुर्दे जास्त. पिवळी फेसाची उलटी सकाळी रिकाम्या पोटी म्हणजे रात्रीचं लवकर झालंय, झोपायच्या आधी भाकरीचा तुकडा टाका. आणि नवीन काही सुरू केलं तर आठवडाभर तेवढं एकच नवीन, सगळं एकदम नाही, नाहीतर कशाने बिघडलं तेच कळत नाही.

मीनल_डोंबिवली

मी काल पहिल्यांदा केलं! अर्धा किलो पोटा, पाव किलो दिल, थोडी कलेजी, सहा तारल्या, दोन वाट्या भात आणि लाल भोपळा, सगळं कुकरला, वरून कवचाची पूड. सासूबाई माहेरी गेल्यात तोवर त्यांच्या ओट्यापासून लांब गॅलरीत इंडक्शन लावून. शेरूने भांडं चाटून चाटून दारापर्यंत ढकलत नेलं. ११ किलोला २.५ टक्के म्हणजे पावणेतीनशे ग्रॅम, बरोबर ना? आणि भात धरून पावणेतीनशे की भात वेगळा?

आयटी_आणि_इंडी

मीनल, भात धरून सुरुवात कर, पण आकडा दगडावरची रेघ नाही. शिजवल्यावर पाणी उडून मांसाचं वजन घटतं, म्हणून कच्चं असतानाच तोलून घे. पंधरा दिवसांनी वजन कर, बरगड्या हाताला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत असं असेल तर बरोबर चाललंय. घराबाहेर फार पळणारा असेल तर ३ टक्क्यांपर्यंत ने, नसबंदी झालेला आळशी असेल तर २ ला आण. डोंबिवलीला वजनकाटा नसेल तर व्हेटकडे फुकटात करून देतात, फक्त दवाखान्यात गर्दी नसेल अशा वेळी जा, शेरू शांत राहील.

बंदरावरचा

मीनल ताई, सहा तारल्या ११ किलोला रोजच्यासाठी जास्त होतात, तुम्ही आठवड्याच्या म्हणत असाल तर ठीक. आणि डोंबिवलीला स्टेशनजवळच्या मार्केटात संध्याकाळी उशिरा तारली स्वस्त मिळते खरी पण ती सकाळची असते, पोट फुटलेली, डोळा लाल झालेला असेल तर घेऊ नका. कल्ला उचलून बघा, लालभडक पाहिजे. सकाळी घ्या, दोन रुपये जास्त द्या.